‘ते ड्रॉइंग कुठल्या ग्रुपवर टाकलं होतं?’ : छोट्या कारखान्यात कामाच्या बोलण्याची घडी कशी बसवावी

रबाळे एमआयडीसीत आमचा इलेक्ट्रिकल कंट्रोल पॅनेलचा छोटा कारखाना आहे. शेडमध्ये ११ माणसं, ठाण्यात नौपाड्याच्या ऑफिसात ४ आणि साइटवर फिरणारे २, असे एकूण १७ जण. एका पावसाळ्यात ग्राहकाने ऐन वेळी मीटर बदलले. आधी ९६ मिमीचे होते, ते ७२ चे केले. डिझाइन बघणाऱ्या मुलीने त्याच दुपारी सुधारलेलं ड्रॉइंग, म्हणजे आर-३ ही आवृत्ती, ग्रुपवर टाकलं. नेमका त्याच दिवशी स्टोअरच्या पोराचा वाढदिवस. केकचे फोटो, शुभेच्छा, फुलं, कोणीतरी पाठवलेलं गाणं, या सगळ्यात ड्रॉइंग कधीच वर सरकून गेलं. फॅब्रिकेशनच्या काकांच्या फोनमध्ये आर-२ आधीच उतरवलेलं होतं. त्यांनी त्यावरून दरवाजांना ९२ बाय ९२ ची भोकं पाडली. ७२ च्या मीटरला ६८ चं भोक लागतं. पत्र्यातलं भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही. तीन दरवाजे पावडर कोटिंगसकट भंगारात गेले.

काकांना बोलण्यात अर्थ नव्हता. आमचे तेव्हा ९ ग्रुप होते आणि कुठल्या ग्रुपवरचं ड्रॉइंग खरं, हे मलाही सांगता आलं नसतं.

मग मी तिरीमिरीत कामाच्या बोलण्यासाठी सॉफ्टवेअर विकत घेतलं. सतराच्या सतरा जणांसाठी, वर्षाचे पैसे आगाऊ भरून. दोन महिन्यांनी ते उघडणारे चौघे उरले आणि त्यातला एक मी. सॉफ्टवेअर वाईट नव्हतं. कुठलं बोलणं कुठे राहणार हे न ठरवताच मी नवं दुकान उघडलं होतं, एवढंच. खालचा क्रम दुसऱ्या खेपेचा आहे. आपलं काम वेगळं असेल, वाशी मार्केटमधला गाळा असेल, वागळे इस्टेटमधली प्रिंटिंगची शेड असेल, घोडबंदर रोडवरचं इंटीरियरचं ऑफिस असेल. क्रम हाच चालेल.

१. आधी आठवडाभर वही

काहीही डाउनलोड करू नका. एक वही टेबलावर ठेवा आणि कोणीही ‘ते कुठे पाठवलं होतं?’, ‘हे कोणी सांगितलं?’, ‘मला कुठे माहीत होतं?’ असं म्हटलं की एक रेघ ओढा. शेजारी दोन शब्द लिहा : कशाबद्दल, कोणाला. सहा दिवस पुरे. शनिवारी वही वाचलीत की दुखणं नेमकं कुठे आहे ते दिसतं. आमच्या निम्म्याहून जास्त रेघा ड्रॉइंगच्या निघाल्या, त्याखालोखाल खरेदीच्या. हजेरी-रजेचा ग्रुप मला फार त्रासदायक वाटायचा, पण त्याच्यासाठी एकच रेघ होती. तो ग्रुप आजही जसाच्या तसा व्हॉट्सॲपवर आहे. जे नीट चाललंय त्याला हात लावायचा नाही.

२. बोलण्याचे चार ढीग

आता वहीतल्या आणि फोनमधल्या निरोपांचे ढीग करा. पहिला तातडीचा : लाइट गेली, टेम्पो अडला, कोणाला लागलं. याला फोन करायचा, लिहीत बसायचं नाही. दुसरा चर्चेचा : हे असं करू की तसं. तिसरा कामाचा : कोणी, काय, कधीपर्यंत. चौथा कागदांचा : ड्रॉइंग, पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर), मालाचं चलन, टेस्ट रिपोर्ट.

घोळ होतो तो हे चार ढीग एकाच ग्रुपवर ओतल्यामुळे. चर्चा वाहती असते, वाहून गेली तरी चालते. काम आणि कागद मात्र एका जागी थांबायला हवेत. म्हणून प्रत्येक ढिगाला एकच घर द्या आणि ते एका कागदावर मराठीत लिहून काढा. आमचा कागद चार ओळींचा आहे : तातडी – फोन. चर्चा – ऑर्डरचं चॅनल (चॅटमधला त्या ऑर्डरपुरता ग्रुप). काम – यादीची शीट. कागद – ड्राइव्हचं फोल्डर. तो पंचिंग मशीनशेजारी चिकटवलेला आहे. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण मी पहिल्यांदा हीच गाळली होती.

३. आता सॉफ्टवेअर

माझा साधा नियम असा : तुमची ईमेल जिथे आहे, चॅटही तिथेच घ्या. वेगळा पासवर्ड, वेगळं बिल, वेगळं शिकणं, यातलं काहीच छोट्या धंद्याला परवडत नाही.

ईमेल जीमेलवर असेल तर गुगल चॅट, ड्राइव्ह, शीट्स, मीट हे सगळं हाताशी आहेच. साध्या फुकट खात्याला सगळं मिळून १५ जीबी जागा मिळते, आणि तीन किंवा जास्त माणसांची मीटवरची बैठक ६० मिनिटांनी तुटते. झूमची फुकट बैठक ४० मिनिटांची. ऑफिसात एक्सेल-वर्डसाठी मायक्रोसॉफ्ट ३६५ घेतलं असेल तर टीम्स बघा. पण टीम्सशिवायचे प्लॅनही विकले जातात, तेव्हा आपल्या प्लॅनमध्ये ते आहे का हे आधी वाचून घ्या. हिशेब झोहो बुक्समध्ये असतील तर त्याच चेन्नईच्या कंपनीचं क्लिक (Cliq) हे चॅट सोयीचं पडतं.

स्लॅक वापरायला सगळ्यात सुबक, हे मान्य. पण फुकट प्लॅनमध्ये शेवटच्या ९० दिवसांचंच बोलणं दिसतं आणि वर्षापेक्षा जुनं पुसलं जातं. आमच्या धंद्यात वॉरंटीचा फोन दीड वर्षानेही येतो. तेव्हा पैसे भरायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा.

आणि व्हॉट्सॲप? ते सुटणार नाही. ग्राहक तिथेच आहे, ट्रान्सपोर्टवाला तिथेच आहे. फक्त ग्राहकांशी बोलायला बिझनेस ॲप आणि कंपनीचा नंबर घ्या. ऑफिसच्या लँडलाइनवरही ते चालू करता येतं. कोड एसएमएसऐवजी फोन कॉलवर घ्यायचा. मुख्य फोनशिवाय आणखी ४ उपकरणं जोडता येतात, म्हणजे ऑफिसातल्या दोन कॉम्प्युटरवर तेच खातं उघडं ठेवता येतं. मुख्य फोन १४ दिवस वापरला नाही तर जोडलेली उपकरणं बाहेर पडतात, तेव्हा तो ड्रॉवरमध्ये टाकून विसरू नका. कामाच्या चॅटमध्ये आपोआप गायब होणारे मेसेज चालू नाहीत ना, तेही बघा. आमच्या एका ग्राहकाच्या चॅटमध्ये ते होते. मंजुरीचा मेसेज सात दिवसांत नाहीसा झाला आणि नंतर कोणी काय म्हटलं होतं यावर वाद.

निवड पक्की करण्याआधी एक परीक्षा घ्या. कारखान्यातला सगळ्यात जुना अँड्रॉइड फोन घ्या, पत्र्याच्या शेडच्या मागच्या कोपऱ्यात जा आणि तिथून एक फोटो, एक मराठी मेसेज आणि एक आवाजी मेसेज पाठवून बघा. हात तेलाने माखलेला माणूस टाइप करत नाही, तो बोलतो. तिथे नेटवर्क नसेल तर आधी वायफायचा राउटर लावा. सॉफ्टवेअर थांबू शकतं.

पैशांचं म्हणाल तर बिल दर माणशी दर महिना येतं आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. बिलिंगच्या पानावर आपला जीएसटी क्रमांक पहिल्या दिवशीच भरा, म्हणजे त्याचं क्रेडिट घेता येईल. आणि सगळ्यांना पैसे भरून घेतलेलं खातं लागत नाही. वर्षाचा करार पहिल्या महिन्यात करू नका. मी केला होता.

४. खाती कंपनीच्या नावावर

छोट्या धंद्यांत सर्रास दिसतं ते असं : पहिलं जीमेल खातं पुतण्याने कॉलेजात असताना उघडून दिलेलं, रिकव्हरी नंबर त्याचा, डोमेन, म्हणजे कंपनीचा इंटरनेटवरचा पत्ता, कुठल्याशा वेबसाइटवाल्याच्या नावावर. पुतण्या बंगळुरूला गेला, वेबसाइटवाला फोन उचलत नाही. मग आपल्याच फायलींसाठी आपणच विनवण्या करायच्या.

म्हणून डोमेन कंपनीच्या किंवा मालकाच्या नावावर आणि त्याच्या नूतनीकरणाचा ईमेल ऑफिसच्या पत्त्यावर. ॲडमिन दोन : एक मालक, एक विश्वासातला माणूस. दोघांनाही दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खातरजमा. तिचे बॅकअप कोड कागदावर छापून तिजोरीत, चेकबुकाशेजारी. खात्यांची नावं शक्यतो कामावरून ठेवा : खरेदी, डिझाइन, डिस्पॅच. माणूस बदलला तरी पुरवठादाराला नवा पत्ता कळवत बसावं लागत नाही.

५. चॅनल किती?

पहिल्या उत्साहात आम्ही २३ चॅनलं काढली होती. आता मोजमाप ठरलं आहे : ठाण्याला लोकलमध्ये बसल्यापासून दिघा गाव, ऐरोली करत रबाळ्याला उतरेपर्यंत सगळी वाचून झाली पाहिजेत. होत नसतील तर ती जास्त आहेत.

विभागवार चॅनलं करू नका, कामावरून करा. ‘डिझाइन’, ‘फॅब्रिकेशन’, ‘वायरिंग’ अशी चॅनलं काढली की एकाच ऑर्डरचं बोलणं तीन ठिकाणी फुटतं आणि आर-३ ची गोष्ट पुन्हा घडते. आमचं नाव असं असतं : ‘२४७ तळोजा पंप हाउस’. आधी ऑर्डर नंबर, मग गाव, मग ओळख पटेल असे दोन शब्द. त्या ऑर्डरशी ज्यांचा संबंध तेवढेच आत. माल गेला, पैसे आले की चॅनल बंद करून ठेवायचं, पुसायचं नाही.

याशिवाय तीनच : ‘सूचना’, जिथे फक्त दोघांना लिहिता येतं, ‘खरेदी’, आणि ‘कट्टा’. कट्टा काढाच. वाढदिवस, क्रिकेट, गणपतीची वर्गणी यांना जागा दिली नाही तर ते २४७ मध्ये येणारच, आणि यायलाच हवेत, माणसं आहेत.

मेसेज कसा लिहायचा, यावर आम्ही एकच सक्ती केली. ‘मीटरचं बघा जरा’ हा मेसेज कोणालाच उद्देशून नसतो, म्हणून कोणीच बघत नाही. त्याऐवजी : ‘स्टोअर, २४७ चे ७२ चे मीटर ६ नग आले का? उद्या ११ पर्यंत इथेच कळवा.’ कोणी, काय, कधी. उत्तर त्याच मेसेजखाली द्यायचं, नवा मेसेज करून नाही.

६. ड्रॉइंगची एकच लिंक

ज्यांच्याकडे एकच फाइल पुन्हा पुन्हा बदलते, मग ती ड्रॉइंग असो, दरपत्रक असो की लग्नपत्रिकेचं प्रूफ, त्यांनी इथे घाई करू नये.

फाइल चॅटमध्ये जोडून पाठवली की जितके फोन तितक्या प्रती होतात. म्हणून फाइल फोल्डरमध्ये ठेवायची आणि चॅनलवर फक्त लिंक. गुगल ड्राइव्हमध्ये फाइलवर ‘मॅनेज व्हर्जन्स’ असा पर्याय आहे. तिथून नवी पीडीएफ चढवली की लिंक तीच राहते आणि आतलं ड्रॉइंग बदलतं. काकांनी महिन्याभरापूर्वीची लिंक दाबली तरी आजचं ड्रॉइंग उघडतं. जुन्या आवृत्त्या मात्र ३० दिवसांनी किंवा १०० आवृत्त्यांनंतर जाऊ शकतात. ग्राहकाने सही केलेली प्रत कायम ठेवायची खूण करून ठेवा, किंवा ‘जुने’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये तिची प्रत टाका.

यातही एक खोच आहे. लिंक तीच राहिल्यामुळे बदल झाला हे कोणाला कळतच नाही. म्हणून नवी आवृत्ती चढवणाऱ्याने चॅनलवर एक ओळ टाकायची : ‘आर-३ चढवलं. बदल : दरवाजावरचे मीटर ९६ ऐवजी ७२, कटआउट ६८.’ फॅब्रिकेशनकडून ‘आर-२ फाडला’ असं उत्तर येईपर्यंत डिझाइनने काम संपलं असं मानायचं नाही. हो, फाडला. शेडमध्ये छापील कागद चालतो आणि चालावा. स्क्रीनवर बघून कोणी पत्रा कापत नाही. फक्त प्रत्येक छपाईवर आवृत्ती आणि तारीख ठळक हवी, आणि मशीनवर एका वेळी एकच कागद.

लिंक देताना ‘लिंक असलेल्या कोणालाही’ हा पर्याय सोयीचा वाटतो, पण ती लिंक पुढे कोणाकडेही जाते. ग्राहकाला फक्त त्याच्या ईमेलपुरती परवानगी द्या. साइटवरून येणारे नेमप्लेटचे फोटो व्हॉट्सॲपवर येत असतील तर ते डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. साध्या फोटोचा पाठवताना दर्जा उतरतो आणि सीरियल नंबरमधला ८ की ३ हे कळत नाही.

७. कामांची यादी

ट्रेलोसारखे बोर्ड चांगले आहेत. आमच्याकडे साधी शीट टिकली. रकाने पाच : ऑर्डर, काम, कोण, कधीपर्यंत, झालं का. सकाळी साडेनऊला दहा मिनिटं उभ्याने ती वाचायची. साइटवरचे दोघे फोनवर असतात. आज काय अडलंय तेवढंच बोलायचं. पावसात गाड्या थांबल्या की हीच शीट कामी येते. कोण पोचलं नाही आणि त्याच्या हातातलं कुठलं काम आज दुसऱ्याने उचलायचं, ते एका नजरेत दिसतं.

८. माणसं वळवायची कशी

एकदम सगळे नकोत. एक ऑर्डर, पाच माणसं, दोन आठवडे. आणि त्या पाचांत सगळ्यात नाखूश माणूस घ्या. आम्ही काकांना घेतलं. त्यांचं म्हणणं होतं, ‘तीस वर्षं कागदावर काम केलंय, आता फोनमध्ये डोळे घालू?’ त्यांना टाइप करायला कोणी लावलं नाही. स्टोअरच्या त्याच पोराने त्यांच्या फोनच्या पहिल्या पानावर २४७ च्या फोल्डरचा शॉर्टकट काढून दिला आणि आवाजी मेसेज कसा करायचा ते दाखवलं.

जुने ग्रुप बंद करण्याचं फर्मान काढू नका. मालकाने फक्त एक करायचं : जुन्या ग्रुपवर कामाचं विचारलं की ‘२४७ वर विचार’ एवढंच उत्तर द्यायचं आणि खरं उत्तर तिथे लिहायचं. मालक स्वतः जुन्या ग्रुपवर निर्णय देत राहिला तर नवं चॅनल मेलं म्हणून समजा.

ग्राहकाकडून फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर काही ठरलं की ज्याने ऐकलं त्याने त्याच दिवशी ते चॅनलवर लिहायचं. पैशांवर किंवा तारखेवर परिणाम होणार असेल तर ग्राहकाला दोन ओळींचा ईमेलही : ‘आज फोनवर ठरल्याप्रमाणे मीटर ७२ चे घेत आहोत. कृपया मान्यता कळवावी.’

९. कागद, पैसे आणि सोडून गेलेली माणसं

माल पोचल्याची चलनावरची सही त्याच दिवशी ऑर्डरच्या फोल्डरमध्ये टाका. एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यात पैसे देण्याची मुदत माल स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजतात : लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. ग्राहकाने १५ दिवसांत लेखी तक्रार केली तर ती निकाली निघण्याच्या दिवसापासून. म्हणजे चलन कधीचं आणि तक्रार कधी आली, दोन्ही सापडायला हवं. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. ती चॅटमध्ये ठेवणं म्हणजे न ठेवण्यासारखंच. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी फोल्डरची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या.

मोठ्या कंपन्यांत काम असलं की गेट पाससाठी कामगारांच्या आधारचे फोटो मागतात आणि ते सगळ्या ग्रुपवर फिरतात. हे बंद करा. वेगळं फोल्डर, दोघांनाच प्रवेश, आणि चालत असेल तिथे आधारचे पहिले ८ आकडे झाकलेली प्रत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात अशी माहिती सांभाळण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर आहे.

‘मी मीटिंगमध्ये आहे, या खात्यावर तातडीने पैसे टाक’ असा मालकाच्या फोटोसकट मेसेज, किंवा पुरवठादाराच्या नावाने ‘आमचं बँक खातं बदललं’ असा ईमेल, दोन्ही आम्हाला येऊन गेले आहेत. नियम एकच : खातं बदललं की आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करून आवाज ऐकायचा, मेसेजमधल्या नंबरवर नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

माणूस सोडून जाताना त्याच दिवशी खातं आधी स्थगित करा, फायली दुसऱ्याच्या नावावर घ्या आणि मगच खातं पुसा. गुगल वर्कस्पेसमध्ये (कंपन्यांसाठीची गुगलची पैसे भरायची सेवा) पुसलेलं खातं २० दिवसांपर्यंत परत आणता येतं, त्यानंतर नाही. खाजगी फोनवरचे ग्रुप मात्र त्याच्याबरोबर जातात. ग्राहकांसाठी कंपनीचा नंबर घ्या म्हटलं, ते यासाठीही.

१०. तीन महिन्यांनी पुन्हा वही

तीच वही, तोच आठवडा, त्याच रेघा. जी चॅनलं महिनाभर कोणी उघडली नाहीत ती बंद करा, पैसे भरलेली जी खाती वापरात नाहीत ती कमी करा. आमच्या दुसऱ्या वहीत ड्रॉइंगची एकही रेघ नव्हती. ज्या होत्या त्यांतल्या बहुतेक माझ्याच नावावर : ग्राहकाचा फोन मी घेतो, ‘हो, करू’ म्हणतो आणि लिहायचं विसरतो. मागच्या मंगळवारी २४७ वर काकांचा आवाजी मेसेज आला, मागे ग्राइंडरचा आवाज : ‘दादा, फोनवर काय ठरलं ते मला काय माहीत? इथे बोला.’